सिल्की कोंबडी

सिल्की ही पाळीव कोंबडीची (गॅलस गॅलस डोमेस्टिकस) मूळची चीनमधील मानली जाणारी एक जुनी जात आहे. रेशमासारखी मऊ पिसे, काळसर त्वचा व हाडे, पायाला चारऐवजी पाच बोटे आणि वारंवार खुडूक बसण्याचा स्वभाव ही तिची ठळक लक्षणे होत. अंडी किंवा मांस यांच्या मोठ्या व्यापारी उत्पादनासाठी ती सहसा पाळली जात नाही. शोभेचा पक्षी, प्रदर्शनातील जात आणि इतर पक्ष्यांची अंडी उबवणारी कोंबडी म्हणून ती जगभर परिचित आहे. हौशी पालक आणि परसात कोंबड्या पाळणारी कुटुंबे तिला पाण्यात भिजवून आंबवलेले खाद्य देतात. या पद्धतीचे काही लाभ सिद्ध झालेले असले, तरी आंबवण्याने अपुरे खाद्य पुरे होत नाही आणि बुरशी लागलेले धान्य सुरक्षित होत नाही.

नाव आणि इतिहास

‘सिल्की’ हे इंग्रजी नाव रेशमी पिसांवरून पडले. चीनमध्ये काळ्या हाडांच्या कोंबड्यांना ‘वूगूजी’ असे म्हणतात. ज्यांगशी प्रांतातील ताइहे परगण्याची सिल्की त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. तेथील पारंपरिक वैद्यकात या कोंबडीच्या रश्श्याला, विशेषतः बाळंतिणीच्या आहारात, मोठे स्थान आहे.

तेराव्या शतकातील व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याच्या प्रवासवर्णनात पिसांऐवजी मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख आहे. इटालियन निसर्ग अभ्यासक उलिसे आल्द्रोवांदी याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोकरी कोंबडीची नोंद केली. अमेरिकेत १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या कुक्कुट जातींच्या पहिल्या मानक ग्रंथात सिल्कीचा समावेश होता.

शरीररचना

सामान्य पिसाच्या मधल्या दांड्यापासून निघणारे तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे पिसाचे सपाट पाते तयार होते, ते पाणी अडवते आणि उडण्यास उपयोगी पडते. सिल्कीच्या पिसांत हे आकडे नीट काम करत नाहीत. तंतू सुटे राहतात आणि अंगावर लोकर असल्यासारखे दिसते. म्हणून सिल्की जवळजवळ उडू शकत नाही आणि पावसात लवकर चिंब होते.

डोक्यावर पिसांची गोल शेंडी असते. तुरा लहान, गाठीसारखा, अक्रोडाच्या आकाराचा असतो. कानाच्या पाळ्या अनेकदा निळसर दिसतात. पायांवर व बाहेरच्या बोटांवर पिसे असतात. काही वाणांना दाढीही असते. शेंडी असलेल्या अनेक सिल्कींच्या कवटीचा वरचा भाग घुमटासारखा उंचावलेला असून तेथील हाडात फट राहते. अशा पक्ष्याच्या डोक्यावर दुसऱ्या कोंबडीची चोच बसली तर मेंदूला इजा होऊ शकते.

पांढरा, काळा, निळसर, पिवळसर बदामी, करडा आणि तितरी असे अनेक रंग आढळतात. पिसे पांढरी असली तरी खालची त्वचा काळसर निळीच असते. ब्रिटिश मानकानुसार कोंबड्याचे वजन सुमारे १.८ किलो आणि कोंबडीचे १.४ किलोपर्यंत असते. अमेरिकेत ही जात बँटम म्हणजे खुज्या गटात मोडते आणि तिचे वजन एक किलोच्या आसपास राहते.

आनुवंशिकता

एकाच जातीत अनेक वेगळी लक्षणे एकत्र आल्यामुळे सिल्की आनुवंशशास्त्राच्या अभ्यासात महत्त्वाची ठरली. विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पुनेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या काळ्या रंगद्रव्याच्या वारशाचा अभ्यास केला.

शरीराच्या आतील ऊती काळ्या होण्याच्या स्थितीला फायब्रोमेलॅनोसिस म्हणतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिचे मूळ विसाव्या गुणसूत्राच्या एका भागाच्या दुहेरीकरणात आहे. या भागात ‘ईडीएन३’ हे जनुक येते. त्याची क्रिया वाढल्याने रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी भ्रूणावस्थेत त्वचा, स्नायूंवरील पडदे व हाडांच्या आवरणापर्यंत पसरतात. मध्य प्रदेशातील कडकनाथ या जातीतही हाच बदल आढळतो.

काळी त्वचा आणि पाचवे बोट ही लक्षणे प्रभावी आहेत. रेशमी पिसे मात्र अप्रभावी आहेत. ती ‘पीडीएसएस२’ या जनुकाच्या नियंत्रक भागातील बदलामुळे येतात. म्हणून सिल्कीचा साध्या गावठी कोंबडीशी संकर केल्यास पहिल्या पिढीतील पिल्लांना सामान्य पिसे येतात, पण त्यांत पाच बोटे व काळसर त्वचा दिसू शकते. विकत घेतलेले पिल्लू शुद्ध जातीचे आहे की संकरित, हे ओळखताना या फरकाचा उपयोग होतो.

अंडी आणि खुडूकपणा

सिल्की वर्षाला साधारण १०० ते १२० लहान, मलईच्या रंगाची अंडी देते. काही अंडी घातल्यावर ती खुडूक बसते आणि त्या काळात अंडी देणे थांबवते. व्यापारी दृष्टीने हा दोष आहे. पण उबवणी यंत्र नसलेल्या किंवा वीजपुरवठ्याची खात्री नसलेल्या घरात हाच तिचा मोठा गुण ठरतो. कोंबडीची अंडी २१ दिवसांत, तर सामान्य बदकाची सुमारे २८ दिवसांत फुटतात. दोन्ही प्रकारची अंडी सिल्कीखाली उबवता येतात. तिचे शरीर लहान असल्याने मोठ्या जातीची पाच-सहा अंडीच तिच्याखाली नीट झाकली जातात.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच थोडा वेळ उठते. या काळात तिचे वजन घटते, म्हणून दाणा व पाणी घरट्याजवळ ठेवावे लागते. पिल्लांतील नर-मादी ओळखणे कठीण असते. अनेकदा पाच-सहा महिन्यांनी कोंबडा आरवू लागल्यावर किंवा तलंगेने पहिले अंडे घातल्यावरच खात्री पटते.

महाराष्ट्रातील संदर्भ

सिल्की ही भारताच्या नोंदणीकृत देशी जातींपैकी नाही. महाराष्ट्रात ती मुख्यतः हौशी पालकांकडे आढळते. काळ्या कोंबडीची ओळख येथे कडकनाथमुळे झाली. झाबुआ व अलिराजपूर भागातील भिल्ल आणि भिलाला समाजांनी सांभाळलेल्या या जातीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रंगातील साम्यामुळे दोन्हींची गल्लत होते, परंतु कडकनाथची पिसे सामान्य असतात, तिला चार बोटे असतात, ती चपळ असून क्वचितच खुडूक बसते. परसातील कुक्कुटपालनासाठी कृषी विज्ञान केंद्रे व पशुसंवर्धन विभाग यांच्यामार्फत गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींचा प्रसार झाला आहे; अंडी व मांसाचे उत्पन्न हवे असल्यास त्या अधिक सोयीच्या ठरतात.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांची परिस्थिती या जातीच्या गरजा समजून घेण्यासाठी उपयुक्त आहे. सोमेश्वरनगर हे बारामती तालुक्याच्या पश्चिम भागात सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव असून जवळच करंजे येथे सोमेश्वराचे मंदिर आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो, मात्र नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस, मका आणि चाऱ्याची पिके होतात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. संकरित गाईंच्या दुग्धव्यवसायामुळे मक्याचा भरडा, विविध पेंडी आणि मुरघास या गोष्टी बहुतेक गोठ्यांत असतात. त्यामुळे कोंबड्यांचे खाद्य आंबवण्यासाठी लागणारा कच्चा माल आणि त्यामागील तत्त्वाची ओळख या दोन्ही गोष्टी येथे आधीपासून आहेत. गोठ्यातील प्रत्येक खाद्य मात्र कोंबडीला चालत नाही.

निवारा

सिल्कीच्या निवाऱ्यात कोरडेपणाला सर्वाधिक महत्त्व असते. पायांवर पिसे असल्याने ओल्या जमिनीवर चिखल व विष्ठा बोटांना चिकटून घट्ट गोळे होतात. गादी पद्धतीत भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरतात. ऊसपट्ट्यात बारीक केलेले पाचट सहज मिळते, पण ते पूर्ण वाळलेले नसल्यास त्यात बुरशी वाढते आणि पक्ष्यांना श्वसनाचा रोग होऊ शकतो.

उडता येत नसल्याने उंच दांड्या निरुपयोगी ठरतात. त्यामुळे जमिनीपासून एक फुटाच्या आत रुंद फळी ठेवतात. शेंडीमुळे या पक्ष्यांना वरून व बाजूने नीट दिसत नाही. मांजर, मुंगूस व शिकारी पक्षी यांच्यापासून बचाव करण्यासाठी बाजू आणि छत दोन्ही जाळीबंद असावे लागतात. उन्हाळ्यात सावली, खेळती हवा व गार पाणी आवश्यक असते. आक्रमक किंवा मोठ्या जातींबरोबर सिल्की एकत्र ठेवणे टाळले जाते.

आहार

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिने असावी लागतात. लहान पिल्लांना सुमारे २० टक्के लागतात. मक्यात प्रथिने ८ ते ९ टक्के, तर ज्वारी व बाजरीत १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असतात. केवळ धान्यावर वाढवलेल्या पक्ष्यात पिसे विरळ राहणे, अंडी कमी होणे आणि वाढ खुंटणे ही लक्षणे दिसतात. प्रथिनांसाठी सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड, तर कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा दिला जातो.

दुग्धव्यवसायातील काही खाद्यघटक कोंबड्यांना अयोग्य असतात. सरकी पेंडेतील गॉसिपॉलमुळे अंड्याच्या बलकाचा रंग हिरवट तपकिरी होऊ शकतो. जनावरांच्या काही तयार खाद्यांत युरिया असतो. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव त्याचा उपयोग करून घेतात, कोंबडी तसे करू शकत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनास अडथळा आणणारे घटक असतात. ते उष्णतेने नष्ट होतात. एक-दोन दिवस आंबवल्याने पूर्णपणे जात नाहीत.

आंबवलेले खाद्य

तत्त्व

धान्याच्या पृष्ठभागावर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू नैसर्गिकरीत्या असतात. धान्य पाण्यात बुडवून ठेवल्यास ते त्यातील साखरेचे आम्लात रूपांतर करतात. मिश्रणाचा सामू सुमारे ४ ते ४.५ पर्यंत उतरतो आणि अनेक अपायकारक जीवाणूंची वाढ रोखली जाते. आंबील, इडलीचे पीठ आणि मुरघास यांतही याच गटातील जीवाणू काम करतात. मात्र गाईसाठी केलेले आंबोण केवळ भिजवलेले असते. आंबवलेल्या खाद्यात सूक्ष्मजीवांची क्रिया पुरती घडलेली असते.

कृती

सर्वसाधारण पद्धत अशी आहे:

१. मका, ज्वारी, बाजरी किंवा गहू यांचा कोरडा, बुरशी नसलेला भरडा घेतात. वजनाने एक भाग भरड्याला एक ते दीड भाग पाणी घालतात.

२. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकचे असते. तांब्या-पितळेची व अॅल्युमिनियमची भांडी वापरत नाहीत, कारण आंबट पदार्थ त्यांत कळकतो.

३. धान्य पाण्याच्या पातळीखाली दोन-तीन सेंटिमीटर राहील असे पाहतात. झाकण सैल ठेवतात, म्हणजे तयार होणारा वायू बाहेर पडतो.

४. मिश्रण सावलीत ठेवून दिवसातून दोन वेळा ढवळतात. उन्हाळ्यात एका दिवसात, तर थंडीत दोन ते तीन दिवसांत ते तयार होते.

५. ताकासारखा आंबूस वास आणि बारीक बुडबुडे ही चांगल्या मिश्रणाची खूण आहे. पुढच्या घाण्यासाठी यातलेच थोडे पाणी विरजण म्हणून राखून ठेवतात.

कुजका वास, तार सुटणे, अथवा हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसल्यास संपूर्ण मिश्रण टाकून देतात. केवळ वरचा थर काढून उरलेले वापरणे सुरक्षित नसते. गूळ घालण्याची गरज नसते. साखर जास्त झाल्यास यीस्ट वाढून मिश्रणात मद्यार्क तयार होऊ शकतो.

लाभ

धान्यातील फायटेट या संयुगात स्फुरद अडकून राहते आणि कोंबडीला ते सहज मिळत नाही. भिजवणे व आंबवणे यांमुळे फायटेटचे अंशतः विघटन होते. नेदरलँड्समध्ये २००३ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत आंबवलेले खाद्य दिलेल्या ब्रॉयलर पक्ष्यांत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूंची लागण कमी आढळली. ओल्या खाद्याची धूळ उडत नाही, त्यामुळे नासाडी घटते. उन्हाळ्यात भूक मंदावलेल्या पक्ष्यांच्या पोटात खाद्याबरोबर पाणीही जाते.

मर्यादा

आंबवल्यावर खाद्य फुगते, म्हणून कमी खाद्यात अधिक कोंबड्या भागतात असा समज होतो. वास्तविक वाढलेले वजन पाण्याचे असते. एका सिल्कीला दिवसाला ८० ग्रॅम कोरडे खाद्य धरले, तर दहा पक्ष्यांना ८०० ग्रॅम लागते. त्यात एक लिटर पाणी घातल्यास १.८ किलो मिश्रण होते, म्हणजे १०० ग्रॅम ओल्या खाद्यात सुमारे ४४ ग्रॅमच कोरडा अंश असतो. मोजमाप ओल्या वजनावर केल्यास पक्षी अर्धपोटी राहतात.

प्रथिनांच्या बाबतीतही हेच लागू होते. ८०० ग्रॅम मक्यात सुमारे ७२ ग्रॅम प्रथिने असतात, तर १६ टक्क्यांच्या हिशेबाने १२८ ग्रॅम लागतात. ही तूट आंबवण्याने भरून येत नाही. त्यातील १६० ग्रॅम मका कमी करून तेवढीच ४५ टक्के प्रथिनांची सोयाबीन पेंड घातली, तर एकूण प्रथिने सुमारे १३० ग्रॅम होतात. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची पूर्तता याखेरीज करावी लागते.

तयार संतुलित खाद्य आंबवल्यास त्यात मिसळलेल्या लायसिनसारख्या अमिनो आम्लांचा काही भाग जीवाणू खर्ची घालू शकतात. म्हणून केवळ धान्य आंबवून पेंड, जीवनसत्त्वे व खनिजे खाऊ घालताना मिसळणे अधिक योग्य मानले जाते. शिंपल्यांचा चुरा आंबवणाच्या भांड्यात घालत नाहीत. तो आम्ल निष्प्रभ करतो आणि सामू पुरेसा उतरत नाही.

सर्वांत गंभीर मर्यादा अफ्लाटॉक्सिनची आहे. ओलसर मका व शेंगदाणा पेंड यांवर वाढणारी अॅस्परजिलस बुरशी हे विष तयार करते. त्यामुळे यकृताची हानी होते आणि लसीकरणाचा परिणाम कमी होतो. शिजवल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही आणि घरगुती आंबवणावर त्यासाठी विसंबता येत नाही. अवकाळी पावसात भिजलेला, काळा पडलेला मका ‘आंबवला की चालतो’ असे मानून वापरणे पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकते.

सिल्कीसाठी विशेष काळजी

पातळ खाद्य सिल्कीच्या दाढीला, शेंडीला आणि पायांच्या पिसांना चिकटते. ते वाळून पिसांचे गठ्ठे होतात. उष्ण हवेत तेथे माश्या अंडी घालतात. म्हणून जादा पाणी निथळून खाद्य मुठीत वळले जाईल पण ठिबकणार नाही इतपत घट्ट ठेवतात आणि अरुंद तोंडाच्या भांड्यात देतात. डोळ्यांवर येणारी शेंडीची पिसे कातरली जातात. अर्ध्या तासात संपेल एवढेच खाद्य सकाळी व संध्याकाळी देऊन उरलेले काढून टाकतात. नव्या पक्ष्यांना हे खाद्य आठवडाभरात थोडेथोडे वाढवत देतात.

रोग

सिल्की ही मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाला विशेष बळी पडणारी जात समजली जाते. या रोगात पाय लुळे पडतात किंवा शरीरात गाठी होतात. त्यावर उपचार नाही; लस पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी द्यावी लागते. मानमोडी किंवा राणीखेत या रोगासाठी लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी आणि आर-टू-बी लस सुमारे आठव्या आठवड्यात देण्याची पद्धत आहे. गंबोरो व देवी यांच्या लसीही दिल्या जातात. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. त्यामुळे थोडे पक्षी असलेल्या कुटुंबांनी एकत्र येऊन एकाच दिवशी लसीकरण केल्यास खर्च वाटला जातो. आंबवलेले खाद्य कोणत्याही लसीला पर्याय नाही.

दाट पिसांत उवा व गोचिडांसारखे परजीवी सहज लपतात. धूळस्नानासाठी कोरडी माती उपलब्ध असल्यास त्यांचा उपद्रव कमी होतो.

भारतात पोल्ट्रीतील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला. इंदापूर तालुक्यातील भिगवण परिसरात उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी मोठ्या संख्येने येतात. अशा भागात कोंबड्यांचे खाद्य व पाणी रानपक्ष्यांपासून झाकून ठेवणे महत्त्वाचे असते. उघड्यावर मांडलेले ओले खाद्य कावळे व चिमण्यांना आकर्षित करते. अचानक मोठी मरतुक झाल्यास मृत पक्षी कालव्यात किंवा उकिरड्यावर न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे आवश्यक असते.

आर्थिक बाजू

सिल्कीची किंमत अंड्यांच्या संख्येपेक्षा हौशी खरेदीदारांच्या मागणीवर ठरते. ही मागणी मर्यादित व अस्थिर असते. काळ्या मांसाच्या औषधी गुणांविषयी मोठे दावे केले जातात. अशा कोंबड्यांच्या मांसात कार्नोसिन हे संयुग अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. पण एखादा घटक अधिक असणे आणि त्या मांसाने रोग बरा होणे या भिन्न गोष्टी आहेत.

२०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चालवल्या गेलेल्या कडकनाथ पालनाच्या एका योजनेत फसवणूक झाल्याच्या तक्रारी राज्याच्या अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी केल्या. पिल्ले व खाद्य विकत देऊन अंडी चढ्या दराने परत घेण्याचे आश्वासन हा त्या योजनेचा आधार होता. पक्ष्याला खुल्या बाजारात काय भाव मिळतो, याची स्वतंत्र खात्री न करता केवळ परतखरेदीच्या आश्वासनावर गुंतवणूक करण्यातील धोका या प्रकरणातून पुढे आला. दुर्मीळ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही जातीला, सिल्कीलाही, हे लागू पडते. छोट्या कुटुंबासाठी दोन-चार सिल्की सांभाळण्याचा व्यवहार्य उपयोग मुख्यतः उबवणीचा आहे: गावठी किंवा सुधारित जातीची अंडी तिच्याखाली बसवून यंत्राविना पिल्ले मिळवता येतात.

हेही पहा

कडकनाथ कोंबडी
परसातील कुक्कुटपालन
मुरघास
राणीखेत रोग
नीरा डावा कालवा